सोफ्याची धुतलेली कुशने गाभ्यापर्यंत कशी वाळवावीत

घटस्थापनेच्या आधीच्या पंधरवड्यात मराठवाड्यातल्या घराघरांतून ‘दसरा काढला’ जातो. पूर्वी नदीवर वाकळा, गोधड्या आणि सतरंज्या धुतल्या जात. आता त्याच आठवड्यात सोफ्याची कुशनेही बाहेर निघतात, कव्हरे वॉशिंग मशीनमध्ये जातात आणि आतला फोम मोरीत किंवा गच्चीवर पाणी ओतून घासला जातो. मात्र गोधडी वाळवण्याची सवय कुशनाला लागू पडत नाही. गोधडी पातळ असते आणि दोरीवर टाकली की तिला दोन्ही अंगांनी वारा लागतो. कुशन चार-पाच इंच जाड असते. त्याचा बाहेरचा इंचभर थर दुपारपर्यंत कोरडाठाक होतो, हाताला काहीच लागत नाही, कव्हर चढवले जाते, पाहुणे येऊन बसतात आणि आठवडाभराने खोलीत शिरताच ओल्या पोत्यासारखा कुबट वास येऊ लागतो.

आमच्या घरी हे घडलेले आहे. भर पावसाळ्याच्या शेवटी धुतलेली तीन कुशने मी दुसऱ्या दिवशी कोरडी समजून सोफ्यावर ठेवली. चौथ्या दिवशी चेन उघडून फोममध्ये मधोमध हात दाबला, तेव्हा बोटांना माठाच्या बुडाला लागतो तसा गारवा लागला, आणि फोमच्या खालच्या बाजूला मोहरीएवढे काळे ठिपके दिसले. ती बुरशी होती. दोन कुशनांचा फोम टाकून द्यावा लागला. तेव्हापासून आमच्याकडे कुशन धुण्यापेक्षा वाळवण्याची तयारी आधी होते, आणि पुढे लिहिलेली पद्धत त्याच सरावातून बसलेली आहे.

आत काय भरले आहे ते आधी पाहावे

चेन उघडून आतले साहित्य पाहिल्याशिवाय पाण्याला हात लावू नये. बहुतेक नव्या सोफ्यांत पॉलियुरेथेनचा फोम असतो. दुकानदार ज्याला ‘३२ डेन्सिटी’ किंवा ‘४० डेन्सिटी’ म्हणतात तो हाच, आणि हा आकडा म्हणजे एक घनमीटर फोमचे किलोग्रॅममधले वजन. हा फोम धुता येतो. फायबर, म्हणजे ज्याला बाजारात सरसकट रेक्रॉन म्हटले जाते ते, पाणी लवकर सोडते, पण ओले असताना त्याच्या गाठी होतात, म्हणून वाळताना ते दर थोड्या वेळाने हाताने मोकळे करावे लागते.

कापूस भरलेले लोड, तक्के आणि जुनी कुशने मात्र कधीही भिजवू नयेत. कापूस पाणी धरून ठेवतो, दबून त्याचा गोळा होतो, आणि तो पुन्हा मऊ करायचा तर पिंजाऱ्याकडूनच पिंजून घ्यावा लागतो. असे लोड खोळ काढून कोरड्या उन्हात टाकावेत, काठीने झोडपावेत आणि तेवढ्यावर थांबावे. काथ्याच्या कुशनांचेही तसेच आहे. ओला काथ्या तपकिरी रंग सोडतो, आणि तो डाग कव्हरवर एकदा उमटला की सहसा जात नाही. जुन्या सोफ्यांत पुष्कळदा वर फोमचा थर आणि खाली काथ्याचा थर चिकटवलेला असतो. असे कुशन दिसले तर ते ओल्या कपड्याने पुसण्यापलीकडे जाऊ नये.

धुण्याआधी वजन करावे

ही पायरी फार कमी घरांत केली जाते, आणि माझ्या मते सगळ्यांत उपयोगी हीच आहे. कुशन कोरडे असताना कव्हर काढून त्याचे वजन करावे आणि कागदावर लिहून ठेवावे. प्रवासाच्या बॅगा तोलण्याचा हुकाचा छोटा डिजिटल काटा असेल तर उत्तम. नसेल तर ओळखीच्या किराणा दुकानातल्या काट्यावरही दोन मिनिटांत काम होते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, इतका हा हिशेब सरळ आहे. धुतल्यानंतर कुशन जितके जास्त भरेल तितके पाणी अजून आत आहे, आणि वजन मूळ आकड्यावर येईपर्यंत ते वाळलेले नाही. हाताचा अंदाज चुकतो, काटा चुकत नाही.

२२ इंच लांब, २२ इंच रुंद आणि ४ इंच जाड असे कुशन घेतले तर त्याचे आकारमान जवळपास ३२ लिटर भरते आणि ३२ डेन्सिटीच्या फोमचे वजन अवघे एक किलोच्या आसपास. याचा अर्थ त्या आकारमानात फोमचा स्वतःचा भाग शेकडा तीनहूनही कमी असतो आणि उरलेली सगळी एकमेकांना जोडलेली पोकळी असते. पाण्याखाली धरून दाबून सोडले, तर त्या पोकळीत पंचवीस-तीस लिटर पाणी मावण्याइतकी जागा आहे. म्हणूनच कुशन हौदात किंवा टबात बुडवून धुणे ही वाळवण्याच्या दृष्टीने सर्वांत मोठी चूक आहे.

पाणी किती आणि कोणते

जे पाणी आत गेलेच नाही ते बाहेर काढावे लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ते दिवस ज्यांनी काढले त्यांना पाणी जपून वापरण्याविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही, आणि कुशनांच्या बाबतीत ती काटकसर थेट वाळण्याच्या वेळेत वसूल होते. बादलीत सौम्य साबण घालून हाताने भरपूर फेस करावा आणि पाणी न घेता फक्त वरचा फेस स्पंजने उचलून कुशनावर घासावा. मग ओला करून घट्ट पिळलेला सुती कपडा चार-पाच वेळा फिरवून साबण उचलून घ्यावा. साबण राहिला तर कुशन वाळल्यावर चिकट लागते आणि धूळ लवकर धरते.

शेवटचा हात कोणत्या पाण्याचा आहे याला आपल्याकडे विशेष महत्त्व आहे, कारण बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात, आणि गडद रंगाच्या कव्हरवर पांढुरके वर्तुळ उमटते. ते पाहून कव्हर नीट धुतलेच नाही असे वाटते, पण तो डाग पाण्याचाच असतो. छत्रपती संभाजीनगरात जायकवाडीचे, नांदेडात विष्णुपुरीचे किंवा लातुरात मांजरा धरणाचे नळाचे पाणी येत असेल, तर शेवटच्या हाताला ते वापरावे. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी पुष्कळ घरांत साठवून धुण्याभांड्याला वापरतात आणि ते योग्यच आहे, पण सोफ्याच्या शेवटच्या हाताला ते वापरू नये, कारण यंत्राने गाळून बाजूला काढलेले सगळे क्षार त्यातच उतरलेले असतात. पांढरे डाग आधीच पडले असतील तर एक लिटर पाण्यात अर्धी वाटी पांढरा व्हिनेगर घालून, आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर रंग तपासून, पिळलेल्या कपड्याने पुसून घ्यावे. त्याच कपड्यावर किंवा कुशनावर ब्लीचिंगचे द्रावण असता कामा नये, कारण दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

पाणी पाण्याच्याच रूपात बाहेर काढणे

कुशनातले पाणी दोन वाटांनी जाते. काही पाणी निथळून आणि दाबून निघते, उरलेले वाफ होऊन निघते. एक लिटर पाण्याची वाफ होण्यासाठी साधारण ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता लागते, मग ती उन्हाने द्यावी की पंख्याच्या वाऱ्याने आजूबाजूच्या हवेतून घ्यावी. तेच लिटरभर पाणी दाबून काढायला दोन मिनिटे पुरतात. तरीही बहुतेक घरांत टपकणारे कुशन तसेच उचलून कठड्यावर ठेवले जाते आणि सारा भार उन्हावर टाकला जातो.

निथळण्यासाठी कुशन आडवे ठेवू नये. भांडी घासण्याचा स्पंज पूर्ण भिजवून आडवा धरला, तर थोड्या वेळाने त्याचे टपकणे थांबते. तोच स्पंज न दाबता उभा केला की खालच्या कडेतून पुन्हा धार लागते, आणि ती थांबल्यावर एका कोपऱ्यावर तिरका धरला की आणखी काही थेंब पडतात. फोमची बारीक छिद्रे ठरावीक उंचीपर्यंतच पाणी धरून ठेवू शकतात, त्यावरचे पाणी स्वतःच्या वजनाने खाली येते. कुशन आडवे असले की त्याची उंची चारच इंच भरते, म्हणून बरेचसे पाणी अडकून राहते. उभे केले की तीच उंची बावीस इंच होते, आणि धरलेले पाणी फक्त तळाच्या अरुंद पट्टीत उरते. कोपऱ्यावर उभे केले तर ती पट्टीही आणखी आक्रसते.

म्हणून धुतल्यानंतरचा पहिला अर्धा तास कुशन मोरीत किंवा गच्चीच्या उताराकडच्या टोकाला, भिंतीला टेकवून, एका कोपऱ्यावर उभे ठेवावे. थेंब मोजण्याइतके सावकाश पडू लागले की दाबण्याकडे वळावे.

दाबताना फोम पिळू नये. पिळल्याने तो आतून फाटतो, आणि ही फाट बाहेरून दिसत नाही, पुढे बसताना खळगा पडल्यावर कळते. जमिनीवर जुना सुती टॉवेल अंथरावा, त्यावर कुशन, कुशनावर दुसरा टॉवेल आणि त्यावर जेवायला बसण्याचा लाकडी पाट ठेवावा. पाटावर दोन्ही पाय ठेवून, भिंतीचा आधार घेऊन, सावकाश वजन द्यावे आणि सावकाशच काढावे. पाटामुळे दाब सारखा पडतो आणि टाच रुतून फोम फाटत नाही. एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे पाट सरकवत जावे, म्हणजे पाणी एका दिशेने ढकलले जाते. टॉवेल ओला झाला की तो पिळून किंवा बदलून पुन्हा तेच करावे. आमच्याकडे एका कुशनाला तीन फेऱ्या लागतात. तिसऱ्या फेरीत टॉवेल जेमतेम दमट होतो आणि तिथे थांबावे. ओले पाणी ओढणारा व्हॅक्यूम मिळत असेल तर पाटाची गरज राहत नाही, पण पाटानेही काम चांगले होते.

फोम वॉशिंग मशीनच्या ड्रायरमध्ये घालू नये. एका बाजूला भार गेल्याने ड्रम हिसके खातो आणि फोमचे तुकडे पडतात. गरम हवेच्या ड्रायरमध्ये तर तो कधीच जाऊ नये, कारण फोम पेट घेऊ शकतो. इस्त्री, हीटर आणि शेगडी यांच्या बाबतीत हेच लक्षात ठेवावे.

बाजेवर, सावलीत, वाऱ्याला

अजून ज्यांच्या घरी सुंभाने किंवा नवारीने विणलेली बाज आहे, त्यांनी ती या कामासाठी जपून ठेवावी. कुशन वाळवायला तिच्याइतके सोयीचे साधन मला दुसरे सापडलेले नाही, कारण तिच्या विणीतून खालूनही हवा खेळते. बाज नसेल तर दोन खुर्च्यांवर दोन बांबू किंवा शिडी आडवी टाकून तसाच आधार करता येतो. गच्चीच्या फरशीवर किंवा कठड्यावर कुशन सपाट ठेवले तर खालच्या अंगाला हवा लागत नाही, पाणी उतरून तिथेच साचते, आणि वरून कोरडे दिसणारे कुशन उचलताच फरशीवर त्याचा ओला चौकोन उमटलेला दिसतो. पत्र्यावर तर ठेवूच नये. पत्रा फोमला नको तितका तापतो आणि गंजाचे डाग कायमचे बसतात. बाजेचा सांगाडा लोखंडी असेल तर मध्ये जुना सुती कपडा घालावा.

कुशने बाजेवर एकमेकांपासून वीतभर अंतरावर, वाऱ्याकडे पसरट बाजू येईल अशी उभी करावीत. दर दोन तासांनी त्यांची खालची कड वर आणावी आणि प्रत्येक वेळी, वर आणण्यापूर्वी, खालच्या कडेला टॉवेल लावून दाबून घ्यावे. पाणी त्या दोन तासांत हळूहळू तिकडेच उतरलेले असते. हा क्रम सोडला तर तळाची पट्टी सर्वांत शेवटपर्यंत ओली राहते आणि बुरशी तिथूनच धरते.

उन्हाविषयी आपल्याकडे एक समज पक्का आहे की जितके कडक ऊन तितके चांगले. गोधडीला ते लागू आहे, फोमला नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी उघडा फोम पिवळा पडतो, आणि असे वारंवार झाले की त्याचा वरचा थर बोटाने चोळल्यावर भुग्यासारखा सुटू लागतो. सकाळचे कोवळे ऊन तासभर चालेल. त्यानंतर कुशनांवर जुने धोतर किंवा पांढरे सुती लुगडे एकपदरी टाकावे किंवा बाज सावलीत ओढावी. सावलीत वाळणार नाही अशी भीती बाळगण्याचे कारण नाही, कारण उन्हाळ्यात आपल्या हवेचा खरा गुण तिच्या कोरडेपणात आहे. एप्रिलमध्ये मराठवाड्यात दुपारची सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास येते. इतकी तहानलेली हवा नुसती वाहती असली तरी फोममधले पाणी ओढून घेते. नीट दाबलेले कुशन त्या दिवसांत सकाळी ठेवले तर सहसा संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी दुपारी मूळ वजनावर येते. फक्त चारच्या सुमारास आभाळाकडे लक्ष ठेवावे. वावटळ आणि वळीव दोन्ही सांगून येत नाहीत, आणि ओल्या फोमवर बसलेली माती पुन्हा धुतल्याशिवाय निघत नाही.

रात्री कुशने बाहेर ठेवू नयेत. हिवाळ्यात परभणीकडे पहाटेचे तापमान १० अंशांखाली जाते, आणि निरभ्र रात्री पडणारे दव वरचा वाळलेला थर पुन्हा ओला करते. सूर्यास्तापूर्वी कुशने आत घ्यावीत आणि पंख्यासमोर उभी करावीत.

घरातला कूलर: पंप बंद, पंखा सुरू

उन्हाळ्यात खोलीत कूलर सुरू असतो आणि त्याच खोलीत कुशने वाळत घातली जातात. कूलर हवेत पाणी मिसळूनच ती गार करतो, म्हणजे ज्या खोलीतून आपल्याला ओल बाहेर घालवायची आहे त्याच खोलीत तो ती आणून सोडतो. अशा खोलीत कुशन दोन-दोन दिवस दमट राहते आणि दोष मात्र फोमला दिला जातो.

याच कूलरचा उलटा उपयोग करता येतो. टाकीतले पाणी काढून टाकावे, पंप बंद ठेवून फक्त पंखा चालवावा आणि बाजूचे गवत पूर्ण वाळेपर्यंत तासभर तसाच फिरू द्यावा. त्यानंतर कुशने त्याच्या तोंडासमोर तीन-चार फुटांवर उभी करावीत. डेझर्ट कूलरच्या पंख्याइतका जोरदार वारा घरातल्या दुसऱ्या कोणत्याही पंख्याचा नसतो. ओल्या हातांनी बटणांना स्पर्श करू नये आणि टपकणारे कुशन वायरीच्या वर ठेवू नये.

टेबल पंख्याने काम करायचे असेल तर तो कुशनाच्या पसरट बाजूला थोडा तिरका लावावा, म्हणजे वारा आदळून परत न येता दोन्ही अंगांनी सरकत जातो. छताच्या पंख्याखाली कुशने पलंगावर आडवी टाकणे हा सर्वांत कमी उपयोगाचा मार्ग आहे.

पावसाळ्यात आणि दसऱ्याच्या आसपास

माझे स्पष्ट मत आहे की भाद्रपदात आणि आश्विनाच्या सुरुवातीला कव्हरे धुवावीत, फोम धुऊ नये. परतीचा पाऊस तेव्हा गेलेला नसतो. एप्रिलमध्ये २० टक्क्यांवर असणारी दुपारची आर्द्रता ऑगस्टमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास असते आणि सप्टेंबरात ती फारशी उतरलेली नसते. दसरा काढण्याच्या परंपरेला यामुळे बाधा येत नाही. फोम व्हॅक्यूमने किंवा ब्रशने झटकून, कोरड्या दुपारी दोन तास वाऱ्यावर ठेवून आत घ्यावा. फोम धुण्याचे काम संक्रांत ते होळी या काळात करावे. तेव्हा हवा कोरडी असते, धुळीचे वारे सुरू झालेले नसतात आणि टाक्यांत पाणीही असते.

पण लहान मुलाने ओले केले, खिडकीतून पावसाची झड आली किंवा चहाचे पातेले उलटले, तर मुहूर्त पाहता येत नाही. अशा वेळी २४ ते ४८ तासांची मर्यादा लक्षात ठेवावी, कारण दमट राहिलेल्या वस्तूवर बुरशी वाढू लागायला तेवढा वेळ पुरतो. दाबण्याच्या फेऱ्या दुप्पट कराव्यात. एसी असलेल्या खोलीत दारे-खिडक्या लावून तो ‘ड्राय’ मोडवर ठेवावा आणि जोडीला पंखा लावावा. एसी हवेतले पाणी काढून नळीतून बाहेर सोडतो, आणि बाहेर ठेवलेल्या बादलीत ते साठलेले दिसते. एसी नसेल तर पाऊस थांबून ऊन पडले की खिडक्या उघडाव्यात आणि झड सुरू होताच लावून घ्याव्यात. खोली गरम करण्यासाठी गॅसची शेगडी पेटवू नये. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते, म्हणजे आगीचा आणि गुदमरण्याचा धोका पत्करून ओल वाढवण्यासारखेच ते आहे. वीज गेली तर कुशन कोपऱ्यावर उभे करून दर तासाला टॉवेलने दाबत राहावे, म्हणजे तो वेळ वाया जात नाही.

कव्हरे, आणि सोफ्याला ठोकलेली बैठक

कव्हर उलटे करून सावलीत वाळवावे, चेन पूर्ण उघडी ठेवून, शिवणी वरच्या बाजूला घेऊन. सुती कव्हर थोडे दमट असतानाच चारही कोपरे ओढून सरळ करावे, नाही तर ते आकसते आणि चेन लागत नाही. मखमली कापडावर वाळताना दोन वेळा मऊ ब्रश एकाच दिशेने फिरवावा. रेक्झिनमधून पाणी आरपार जात नाही असे समजून ते निर्धास्तपणे ओले केले जाते, पण टाक्यांच्या छिद्रांतून पाणी आत शिरते आणि त्याच छिद्रांतून बाहेर पडायला आठवडा लागतो. म्हणून रेक्झिनचे कुशन ओले झाल्यास चेन उघडून फोम बाहेर काढावाच.

फोम सोफ्याच्या चौकटीलाच चिकटवलेला किंवा ठोकलेला असेल तर तो बाहेर काढता येत नाही. अशा वेळी सोफा पुढे ओढून पाठीवर झोपवावा. खाली पिनांनी ठोकलेले पातळ काळे कापड असते, ते एका बाजूने सोडवले की आतले पट्टे, प्लाय आणि फोमचा तळ उघडा पडतो. पंखा तिथून लावावा. वरून कितीही वारा घातला तरी प्लायवर साचलेले पाणी वर येत नाही, आणि फुगलेला प्लाय पुन्हा बसत नाही.

काही वेळा धुतल्यानंतर गायब झालेला डाग वाळल्यावर परत दिसतो. आत विरघळून खोल गेलेला मळ, पाणी जसजसे पृष्ठभागावरून उडते तसतसा त्याच्याबरोबर वर येतो. अशा जागी पुन्हा पाणी ओतू नये. कुशन दमट असतानाच तिथे पांढऱ्या सुती कापडाची जाड घडी ठेवून वर वजन ठेवावे आणि रात्रभर राहू द्यावे. मळ फोमच्या पृष्ठभागावर न थांबता घडीत उतरतो.

वाळले की नाही हे ठरवणे

वजन हा पहिला निकष आहे आणि तो वर सांगितलाच आहे. मूळ वजनापेक्षा पन्नास ग्रॅमही जास्त भरत असेल तर कुशन आणखी अर्धा दिवस वाऱ्यावर ठेवावे. काटा नसेल, तर दोन परीक्षा उरतात. कुशन मधोमध दाबून धरावे आणि दाबलेल्या जागी गाल टेकवावा. ओली वस्तू वाफ सोडत असताना गार राहते, आणि गालाला तो गारवा तळहातापेक्षा लवकर कळतो. दुसरी परीक्षा अधिक खात्रीची आहे. कुशन पारदर्शक प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत घालून तोंड बांधावे आणि तासभर उन्हात ठेवावे. आत ओल असेल तर पिशवीच्या आतल्या बाजूला धुके आणि मग बारीक थेंब दिसतात. पिशवी स्वच्छ राहिली तर कुशन वाळले.

थोडासा वास उरला असेल, तर पूर्ण वाळल्यानंतरच खाण्याचा सोडा चाळणीने भुरभुरावा, चार-पाच तास ठेवावा आणि व्हॅक्यूमने काढावा. दमट कुशनावर टाकलेला सोडा त्यात विरघळून बसतो आणि पांढरे चट्टे पडतात. अत्तर, धूप किंवा स्प्रे यांनी वास झाकू नये, कारण तो वास ही आत ओल असल्याची खूण असते. काळे ठिपके दिसले तर फोम बदलावा, विशेषतः घरात दम्याचा रुग्ण किंवा तान्हे बाळ असेल तर. कव्हर चांगले असेल तर गादीकारागीर त्याच मापाचा नवा फोम कापून देतो.

कव्हर चढवल्यानंतरचे पहिले दोन दिवस कुशने सोफ्यावर सपाट न ठेवता पाठीला टेकवून उभी ठेवावीत आणि चेन चार बोटे उघडी सोडावी. तिसऱ्या दिवशी सकाळी चेनमधून हात आत घालून मधला भाग एकदा चाचपावा, चेन लावावी आणि मग बसावे.